फोल्डरला लावलेलं कुलूप खरंच लागलंय का?

वाचकांनी या वेळी पाठवलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात, पानं फोल्डरप्रमाणे ठेवली, मग एखादी सेटिंग अख्ख्या फोल्डरला लावायची कशी, आणि लावलीच तर ती नेमकी कुठपर्यंत पोचते. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हा एकच घेतलाय. फाइलींची आणि मेथडची नावं इथे देवनागरीत छापलीयत, कोडमध्ये ती त्यांच्या मूळ स्पेलिंगनेच टाइप करा.

प्रश्न: नमस्कार ताई. आमचं ऑफिसच्या आतल्या वापराचं ॲप एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये होतं. त्यात ॲडमिन फोल्डरमध्ये सेटिंगची एक वेगळी वेब डॉट कॉन्फिग फाइल होती, लॉगिन नसलेल्याला आत येऊ द्यायचं नाही एवढंच तिच्यात लिहिलेलं. आता सगळं रेझर पेजेसवर, म्हणजे नव्या एएसपी डॉट नेट कोअरमधल्या पानांच्या पद्धतीवर, आणलं, फोल्डरांची नावं तीच ठेवली, ती फाइलही तशीच कॉपी केली. काल सहज लॉगिन न करता ॲडमिनची लिंक टाकून बघितली तर पान सरळ उघडलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही. फाइल तर जागेवर आहे, मग असं का झालं?

उत्तर: सगळ्यात आधी, ते ॲप कुठल्या चालू सर्व्हरवर गेलं असेल तर हे उत्तर पूर्ण वाचत बसू नका, आधी ते पान बंद करा आणि मग परत या.

आता कारण. जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये, म्हणजे २००२ साली जे आलं त्यात, प्रत्येक फोल्डरची स्वतःची वेब डॉट कॉन्फिग असू शकायची आणि वरच्या फोल्डरची सेटिंग खालच्याकडे वारशाने यायची. रिक्वेस्ट आली की फ्रेमवर्क यूआरएल बघायचं, त्या वाटेवरच्या सगळ्या कॉन्फिग एकत्र करायचं आणि ऑथोरायझेशनचे, म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचं याचे, नियम एकेक करून वाचत जो पहिला लागू पडेल तो घ्यायचं, खालच्या फोल्डरचे नियम आधी आणि वरच्याचे नंतर. हे सगळं चालायचं कारण यूआरएल म्हणजे डिस्कवरची खरीखुरी फाइल होती.

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ते वाचणारं कोणी उरलेलंच नाही. तिथे वेब डॉट कॉन्फिग असते ती आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरसाठी, ॲप कसं सुरू करायचं ते सांगायला, तुमच्या ॲडमिन फोल्डरमधले नियम कोअर बघत सुद्धा नाही. त्यात पब्लिश केल्यावर रेझरची पानं कंपाइल होऊन डीएलएल नावाच्या फाइलीत जातात, त्यामुळे यूआरएलमधलं ॲडमिन आणि डिस्कवरचा फोल्डर यांचा संबंधच तुटलेला असतो. म्हणून एरर आली नाही. न वाचलेल्या फाइलमधली चूक कोण दाखवणार?

तुम्हाला हवंय ते आता, ॲप जिथून सुरू होतं त्या प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहायचं. 'ॲडरेझरपेजेस' ला ऑप्शन्स देता येतात, त्यातल्या 'कन्व्हेन्शन्स' वर 'ऑथोराइझफोल्डर' नावाची मेथड आहे, तिला '/ॲडमिन' असा पाथ द्यायचा. पॉलिसी, म्हणजे नाव दिलेली जादा अट, हवी असेल तर तिचं नाव दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये. झालं, एका ओळीचं काम आहे.

पण या एका ओळीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ती दिसते सोपी आणि फसवते. तो पाथ यूआरएल नाही, 'पेजेस' फोल्डरपासून मोजलेला पाथ आहे, सुरुवातीला स्लॅश आणि शेवटी एक्स्टेन्शन नाही. त्याचा एक फायदा म्हणजे उद्या तुम्ही एखाद्या पानाचा रूट '@पेज' च्या पुढे वेगळा लिहून बदललात तरी कुलूप पानाबरोबर राहतं. खालचे सगळे सबफोल्डर त्यात येतात, पण 'ॲडमिनरिपोर्ट्स' नावाचा शेजारचा फोल्डर येत नाही, नुसतं नाव तसं सुरू होतं म्हणून काही होत नाही, पूर्ण फोल्डरचं नाव जुळावं लागतं. आणि एरिया, म्हणजे ॲपचे वेगळे काढलेले भाग, वापरत असाल तर त्यासाठी 'ऑथोराइझएरियाफोल्डर' ही वेगळी मेथड आहे, ती वेगळी लिहावी लागते.

फसवणारी गोष्ट पुढची आहे. तुम्ही दिलेल्या नावाचा फोल्डर अस्तित्वात नसेल तर फ्रेमवर्क काहीच बोलत नाही. नियम नोंदवला जातो, एकाही पानाला लागत नाही, आणि ॲप नेहमीसारखं सुरू होतं. मी आधी जिथे काम करायचे तिथे आम्ही 'रिपोर्ट्स' फोल्डरचं नाव बदलून 'ॲनालिसिस' केलं होतं, एडिटरने सगळे नेमस्पेस बदलून दिले, बिल्ड हिरवं, टेस्ट हिरव्या, पण प्रोग्रॅम फाइलमधली ती स्ट्रिंग 'रिपोर्ट्स' च राहिली कारण स्ट्रिंगला कोण हात लावतं. आठवडाभर ते रिपोर्ट कोणालाही दिसत होते. एका सहकाऱ्याने प्रायव्हेट विंडोमध्ये चुकून लिंक पेस्ट केली म्हणून कळलं. तो आठवडा मी अजून विसरलेले नाही आणि तेव्हापासून फोल्डरचं नाव घेऊन कुलूप लावायची पद्धत मी शक्यतो उलटी वापरते.

उलटी म्हणजे अशी, की 'ऑथोराइझफोल्डर' ला नुसता '/' द्यायचा, म्हणजे सगळीच पानं बंद, आणि मग लॉगिन, पासवर्ड विसरला, मुखपृष्ठ अशी मोजकी पानं 'अलाऊॲनॉनिमसटूपेज' ने नाव घेऊन उघडायची. आता नाव चुकलं तर काय होईल? जे उघडं हवं ते बंद राहील, कोणीतरी पाच मिनिटांत तक्रार करेल आणि तुम्ही दुरुस्त कराल. पहिल्या पद्धतीत नाव चुकलं तर जे बंद हवं ते उघडं राहतं आणि त्याची तक्रार कोणीच करत नाही.

याच्याही पुढे जायचं असेल तर ऑथोरायझेशनच्या सेटिंगमध्ये 'फॉलबॅकपॉलिसी' असते, ती फक्त रेझर पेजेसनाच नाही तर कंट्रोलर आणि मिनिमल एपीआयच्या एन्डपॉइंटनाही, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या बाकीच्या जागांनाही, लागते, ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही अशा सगळ्यांना. फक्त एक लक्षात ठेवा, डॉट नेट ९ पासून आलेलं 'मॅपस्टॅटिकॲसेट्स' वापरत असाल तर सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या फाइलीही त्या पॉलिसीखाली येतात आणि लॉगिनचं पान बिनकपड्यांचं, सगळं स्टाइल उडालेलं दिसतं, तिथे त्या एन्डपॉइंटला 'अलाऊॲनॉनिमस' जोडायचं.

आणि जुन्या ॲडमिन फोल्डरमध्ये पीडीएफ वगैरे फाइली होत्या का? असतील तर त्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट' मध्ये टाकू नका. तिथल्या फाइली पाठवणारं 'यूजस्टॅटिकफाइल्स' परवानगी तपासत नाही, पाथ माहीत असलेल्या कोणालाही फाइल देऊन टाकतं. त्या फाइली त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा आणि एखाद्या बंद पानाच्या हँडलरमधून, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या मेथडमधून, पाठवा.

प्रश्न: मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे, प्रोजेक्टसाठी रेझर पेजेस वापरतोय. 'पब्लिक' नावाचा फोल्डर सगळ्यांसाठी उघडा केला 'अलाऊॲनॉनिमसटूफोल्डर' ने, आणि त्यातलं एकच पान 'ऑथोराइझपेज' ने बंद केलं. पण ते बंद होतच नाहीये. दोन ओळींचा क्रम उलटा करून बघितला, तरीही नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुझं टायपिंग बरोबर आहे, समजूत चुकलीय, आणि ती अगदी साहजिक आहे. आपल्याला वाटतं की जवळचा नियम लांबच्या नियमाला हरवेल, पानाचा नियम फोल्डरच्या वर जाईल. इथे तसं नाहीये. ॲनॉनिमसची, म्हणजे लॉगिनशिवाय येऊ द्यायची, परवानगी आणि ऑथोराइझची अट एकाच पानावर आल्या तर परवानगी जिंकते, मग ती कुठून का आलेली असेना. त्यामुळे बंद फोल्डरमध्ये उघडं पान चालतं, उघड्या फोल्डरमध्ये बंद पान चालत नाही, आणि क्रमाशी याचा संबंध नाही.

ते पान त्या फोल्डरमधून बाहेर काढ, दुसरा मार्ग शोधत बसू नकोस. खरं तर 'पब्लिक' फोल्डरमध्ये पब्लिक नसलेलं पान असणं हेच वाचणाऱ्याला चुकवणारं आहे ना.

अजून दोन गोष्टी, पुढे लागतीलच म्हणून. फोल्डरवर एक पॉलिसी आणि पानावर दुसरी लावलीस तर दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात, पानाची पॉलिसी फोल्डरच्या पॉलिसीची जागा घेत नाही. आणि 'ऑनपोस्ट' सारख्या हँडलर मेथडवर ऑथोराइझ ॲट्रिब्यूट लिहू नकोस, रेझर पेजेसमध्ये ते चालत नाही, पूर्ण पेज मॉडेलच्या, म्हणजे पानामागच्या कोडच्या, क्लासवर लिहावं लागतं. बघायला एका परवानगीची आणि बदलायला दुसऱ्या परवानगीची गरज असेल तर सरळ दोन पानं कर.

प्रश्न: रेझर पेजेसमध्येच, वेगवेगळ्या फोल्डरला वेगळा लेआउट, म्हणजे पानाभोवतीची चौकट, द्यायचाय. '_व्ह्यूस्टार्ट' आणि '_व्ह्यूइम्पोर्ट्स' या दोन फाइलींमध्ये माझा कायम गोंधळ होतो. एक पार्शल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा पानाचा तुकडा, शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवलं तर त्याला टॅग हेल्पर, म्हणजे सर्व्हरवर चालणारा खास टॅग, सापडत नाही, पण तोच कोड पानात टाकला तर चालतो. हे दोघं नक्की वागतात कसे?

उत्तर: दोघंही फोल्डरप्रमाणे वरून खाली उतरतात, पण उतरण्याची रीत वेगळी आहे.

'_व्ह्यूस्टार्ट' मध्ये कोड असतो आणि तो पान रेंडर व्हायच्या आधी खरोखर चालतो. आधी वरच्या फोल्डरचा, मग खालचा, मग अजून खालचा. प्रत्येकाने 'लेआउट' ला काहीतरी दिलं तर शेवटचा टिकतो, आणि पानाने स्वतः दिलं तर ते सगळ्यांच्या वर. म्हणजे ॲडमिनला वेगळा लेआउट हवा तर त्या फोल्डरमध्ये एका ओळीची '_व्ह्यूस्टार्ट' टाकली की काम झालं. ती फक्त पूर्ण पानांसाठी चालते, लेआउट आणि पार्शलसाठी नाही.

'_व्ह्यूइम्पोर्ट्स' हे कंपाइलच्या वेळचं प्रकरण आहे. त्यातले 'यूझिंग' सगळे एकत्र होतात, टॅग हेल्पर जोडणं काढणं क्रमाने होतं, आणि 'मॉडेल' किंवा 'इनहेरिट्स' असेल तर सगळ्यात जवळच्या फाइलमधलं घेतलं जातं. आणि तुमचा प्रश्न इथेच सुटतो बघा. ही फाइल लागू होते ती ज्या फाइलमध्ये कोड लिहिलाय तिच्या जागेवरून, ती कुठून बोलावली त्यावरून नाही. तुमचं पान ॲडमिनमध्ये आहे म्हणून त्याला ॲडमिनचे इम्पोर्ट्स मिळतात, तुमचं पार्शल शेअर्डमध्ये राहतं म्हणून त्याला मिळत नाहीत, मग ते ॲडमिनच्या पानातून का बोलावलेलं असेना. टॅग हेल्परची ओळ उचलून 'पेजेस' च्या मुळाशी असलेल्या '_व्ह्यूइम्पोर्ट्स' मध्ये टाका. मला विचाराल तर टॅग हेल्पर कायम तिथेच असावेत, फोल्डरफोल्डरला वेगळे टॅग हेल्पर ठेवले की सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाही की हा टॅग इथे का चालतोय आणि तिथे का नाही.

लेआउटचं नाव नुसतं दिलं, पाथ दिला नाही, तर शोध पानाच्या फोल्डरपासून सुरू होऊन वर वर जातो आणि मग शेअर्डमध्ये. म्हणून कोणी एखाद्या फोल्डरमध्ये चुकून '_लेआउट' नावाची फाइल ठेवली की तिथली पानं गुपचूप तिच्याकडे वळतात.

प्रश्न: आम्ही नेक्स्ट जेएस या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कचा ॲप राउटर वापरतो. डॅशबोर्ड फोल्डरच्या लेआउट फाइलमध्ये सेशन, म्हणजे लॉगिन चालू आहे का ते, तपासतो, नसेल तर लॉगिनला पाठवतो. खालची सगळी पानं त्याच लेआउटमधून जातात म्हणजे सगळी सुरक्षित, असं आम्ही धरून चाललोय. नवीन आलेल्या सहकारी म्हणतात की हे बरोबर नाही, पण नीट समजावून सांगता येत नाहीये त्यांना. कोण बरोबर?

उत्तर: तुमच्या सहकारी बरोबर आहेत, आणि त्यांनी हे उचलून धरलं याचं मला फार बरं वाटलं, कारण ही चूक खूप चांगल्या टीमही करतात.

ॲप राउटर १३ व्या आवृत्तीबरोबर ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि १३.४ मध्ये, मे २०२३ ला, स्थिर म्हणून जाहीर झाला. त्यात फोल्डर म्हणजे यूआरएलचा एक तुकडा, आणि त्या फोल्डरमधल्या ठरलेल्या नावाच्या फाइली त्या तुकड्याचं वागणं ठरवतात. 'पेज' म्हणजे पान, 'लेआउट' म्हणजे भोवतीची चौकट, 'लोडिंग' म्हणजे वाट बघताना दिसणारं, 'एरर' म्हणजे बिघडल्यावर दिसणारं. ही रचना दिसण्यासाठी फार सुंदर आहे. चौकट एकदा काढली की तुम्ही आतल्या पानांमध्ये फिरलात तरी ती पुन्हा काढली जात नाही, साइडबारचं स्क्रोल जागेवर राहतं, उघडलेला मेनू उघडा राहतो.

आणि तुमचं सेशन नेमकं त्या चौकटीत तपासलं जातंय. म्हणजे पहिल्यांदा डॅशबोर्डवर आल्यावर तपासणी झाली, मग सेशन संपलं किंवा कोणी त्या माणसाचा अधिकार काढून घेतला, तरी तो आतल्या आत लिंकवर क्लिक करत राहिला तर लेआउट पुन्हा चालतच नाही, फक्त नवीन पानाचा भाग सर्व्हरवरून येतो. ज्या गुणासाठी लेआउट बनवलं तोच गुण इथे आडवा येतो.

दुसरं, फोल्डरमध्ये फक्त पानं नसतात. त्यातल्या 'रूट' फाइली, म्हणजे एपीआयचे हँडलर, लेआउटमधून जात नाहीत. सर्व्हर ॲक्शन, म्हणजे पानातून बोलावलेली पण सर्व्हरवर चालणारी फंक्शन, हीही स्वतंत्रपणे पोस्ट रिक्वेस्टने बोलावता येतात, त्यांच्या आधी लेआउटमधली तपासणी होईल याची काही खात्री नाही. डिलीट करणारी ॲक्शन डॅशबोर्ड फोल्डरमध्ये ठेवली म्हणून ती डॅशबोर्डच्या कुलपामागे जात नाही.

मग करायचं काय? तुमच्यापैकी कोणीतरी लगेच म्हणेल की मिडलवेअरमध्ये, म्हणजे पानाच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये, टाकू, तिथे मॅचरमध्ये डॅशबोर्डचा पाथ दिला की झालं. टाका जरूर, लॉगिन नसलेल्याला लवकर परत पाठवायला ते चांगलंय, पण एवढ्यावरच विसंबू नका. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएसमध्ये एक गंभीर त्रुटी जाहीर झाली होती, सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२५-२९९२७ या क्रमांकाची. फ्रेमवर्क स्वतःच्या आतल्या कामासाठी वापरतं तो एक हेडर बाहेरून पाठवला की मिडलवेअर चक्क गाळलं जायचं. १५.२.३ आणि १४.२.२५ मध्ये ती दुरुस्त झाली. ॲप स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांपैकी ज्यांनी तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवली होती त्यांचं सगळं उघडं पडलं होतं, ज्यांनी डेटाजवळही ठेवली होती त्यांना फक्त अपडेट करावं लागलं. सोळाव्या आवृत्तीपासून त्या फाइलचं नाव 'प्रॉक्सी' झालंय, आणि खरं तर ते काम जास्त नीट सांगणारं नाव आहे.

डेटाजवळ म्हणजे असं. डेटाबेसशी बोलणारी फंक्शन एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्यातलं प्रत्येक फंक्शन आधी सेशन तपासेल, मग या माणसाला ही नोंद बघायचा अधिकार आहे का ते तपासेल, मगच काहीतरी परत देईल. पान, हँडलर, ॲक्शन सगळ्यांनी याच दारातून जायचं. एकाच रिक्वेस्टमध्ये चार ठिकाणी तपासणी झाली तर हळू होईल अशी भीती वाटते लोकांना, पण सेशन वाचणारं फंक्शन रिॲक्टच्या, म्हणजे नेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या लायब्ररीच्या, 'कॅश' मध्ये गुंडाळलं की त्या रेंडरमध्ये ते एकदाच चालतं.

लेआउटमध्ये नाव आणि फोटो दाखवायला सेशन वाचायला काहीच हरकत नाही हं, ते तिथेच असावं. फक्त त्याला पहारेकरी समजू नका. स्वेल्टकिट हे दुसरं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनीही हे स्वतःसाठी वाचावं, तिथेही लेआउटचं 'लोड', म्हणजे डेटा आणणारं फंक्शन, प्रत्येक वेळी पान बदललं म्हणून पुन्हा चालतंच असं नाही, आणि पानाचं 'लोड' त्याच्यासाठी थांबतही नाही, तुम्ही 'पेरेंट' ची वाट बघा असं लिहिल्याशिवाय. तिथे तपासणीची जागा म्हणजे सर्व्हर हुकमधलं 'हँडल', जे प्रत्येक रिक्वेस्टला आधी चालतं.

प्रश्न: नेक्स्टमध्येच, दोन छोटे प्रश्न. मुळाच्या लेआउटमध्ये 'रीव्हॅलिडेट', म्हणजे किती सेकंदांनी ताजं करायचं ते, ३६०० ठेवलंय, एका पानात ६०, तर चौकट तासाने आणि पान मिनिटाने ताजं होईल ना? आणि मुळाच्या लेआउटमध्ये शेअरिंगसाठीचं चित्र ओपन ग्राफमध्ये, म्हणजे लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या माहितीत, दिलंय, एका पानात ओपन ग्राफचं फक्त टायटल बदललं तर चित्रच गायब झालं.

उत्तर: पहिल्याचं उत्तर नाही. एका रूटच्या सगळ्या लेआउट आणि पानामधला सगळ्यात छोटा आकडा पूर्ण रूटला लागतो, म्हणजे तुमचं ते अख्खं पान चौकटीसकट ६० सेकंदांच्या हिशोबाने चालेल. उलट केलंत, लेआउटमध्ये ६० आणि पानात ३६००, तरी ६० च. म्हणून लेआउटमध्ये छोटा आकडा टाकताना जपून, खालची सगळी पानं त्याला बांधली जातात.

दुसऱ्याचं कारण असं की मेटाडेटा एकत्र होतो तो वरवरच्या पातळीवर. पानाने 'ओपनग्राफ' हे ऑब्जेक्ट दिलं की वरचं पूर्ण ऑब्जेक्ट बदललं जातं, आतल्या गोष्टी एकेक करून मिसळत नाहीत. चित्राचा भाग एका वेगळ्या फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून ठेवा आणि दोन्हीकडे स्प्रेड करून वापरा. आणि टायटलचं 'टेम्प्लेट' लेआउटमध्ये दिलंत तर ते खालच्या सेगमेंटना लागतं, त्याच फोल्डरमधल्या पानाला नाही, आणि 'टेम्प्लेट' बरोबर 'डीफॉल्ट' ही द्यावं लागतं.

प्रश्न: आमच्या टीममध्ये भांडण चाललंय म्हणा ना. एक गट म्हणतो फोल्डर अधिकाराप्रमाणे करायचे, सगळ्यांसाठी, सभासदांसाठी, व्यवस्थापकांसाठी, म्हणजे सेटिंग सोपी. दुसरा म्हणतो विषयाप्रमाणे, पुस्तकं, सभासद, देवघेव, अहवाल. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही काय कराल?

उत्तर: मी विषयाप्रमाणे करेन, आणि का ते सांगते.

विषय टिकतात, अधिकार बदलतात. आज पुस्तकाची नोंद फक्त व्यवस्थापक बदलतो, उद्या सांगतील की स्वयंसेवकांनाही बदलू द्या. अधिकाराप्रमाणे फोल्डर असतील तर पान उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये न्यावं लागतं, त्याबरोबर यूआरएल बदलतो, लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक मोडतात, आणि हे सगळं कशासाठी तर एक अट सैल केली म्हणून. शिवाय पुस्तकाचं पान शोधायला तीन फोल्डर धुंडाळावे लागतात कारण बघायचं एकीकडे, बदलायचं दुसरीकडे, काढून टाकायचं तिसरीकडे.

पहिल्या गटाचं म्हणणं मात्र अगदीच सोडून देऊ नका, त्यांना जे हवंय ते म्हणजे एका नजरेत कळलं पाहिजे की काय कोणासाठी आहे. ते रास्त आहे. नेक्स्ट किंवा स्वेल्टकिट असेल तर कंसात नाव घातलेला फोल्डर यूआरएलमध्ये येत नाही, त्यामुळे यूआरएलला हात न लावता पानांचे गट करता येतात, प्रत्येक गटाला स्वतःची चौकट देता येते. फक्त दोन गटांमधली दोन पानं एकाच यूआरएलवर येऊन आदळली तर बिल्ड अडतं. आणि नेक्स्टमध्ये गटांना पूर्ण वेगवेगळे मूळ लेआउट दिलेत तर एका गटातून दुसऱ्यात जाताना अख्खं पान नव्याने लोड होतं, हे माहीत असू द्या. रेझर पेजेसमध्ये असा कंसवाला प्रकार नाही, तिथे फोल्डर विषयाप्रमाणे ठेवा, मुळाला सगळं बंद करा आणि ज्या पानाला जादा अट हवी त्या पेज मॉडेलवर पॉलिसीचं ॲट्रिब्यूट लिहा, म्हणजे पान उघडणाऱ्याला अट डोळ्यासमोर दिसते.

आणि दोन्ही गटांना एकत्र बसवणारी एक गोष्ट करा, कृपया करा. एक टेस्ट लिहा. 'पेजेस' फोल्डरमधल्या सगळ्या पानांची यादी काढा, ज्या पानांना आयडी वगैरे लागतो त्यांना नमुन्याची किंमत द्या, आणि 'वेबॲप्लिकेशनफॅक्टरी' वर ॲप उभं करून लॉगिन न करता प्रत्येक पानाला रिक्वेस्ट पाठवा. क्लायंट बनवताना आपोआप रिडायरेक्ट होणं बंद ठेवा, नाहीतर लॉगिनचं पान २००, म्हणजे 'सगळं ठीक' असा कोड, देतं आणि टेस्टला वाटतं पान उघडलं. उघड्या पानांची एक छोटी यादी टेस्टमध्येच हाताने लिहिलेली असू द्या, आणि त्या यादीत नसलेल्या कुठल्याही पानाने लॉगिनकडे पाठवण्याऐवजी दुसरं काही केलं तर टेस्ट पडली पाहिजे. मग कोणी फोल्डरचं नाव बदलू दे, पान हलवू दे, नवीन फोल्डर टाकून नियम लिहायला विसरू दे, त्याच दिवशी कळेल. आमच्याकडे तो 'ॲनालिसिस' चा प्रकार झाल्यावर ही टेस्ट लिहायला मला एक दुपार लागली होती, आणि पुढच्याच महिन्यात तिने एक नवीन पान पकडलं, एक्स्पोर्टचं, जे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.